प्रत्येक ग्राहकाची मिनिमम कमिटमेंट वेगळी असेल तर ती बिलिंगमध्ये बसवायची कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमची कंपनी एसएमएस आणि व्हॉट्सअ‍ॅपचा एपीआय (दुसऱ्या कंपन्यांना आपल्या सॉफ्टवेअरमधून मेसेज पाठवता येण्याची सोय) विकते, बिलिंग लागो या सॉफ्टवेअरवर चालतं. दरपत्रक एकच आहे, पण मोठ्या ग्राहकांशी सेल्सच्या मंडळींनी वेगवेगळे करार केलेत. कुणी महिन्याला किमान ५०,००० रुपयांची हमी दिली आहे, कुणी दोन लाखांची. आतापर्यंत तुम्ही दर करारामागे मूळ प्लॅनची नक्कल करून त्यात आकडा भरत आलात. आता दर बदलायचे आहेत आणि प्रत्येक नक्कल उघडून बदल करावा लागतोय. त्यातच ज्या ग्राहकाचा धंदा सणासुदीला चालतो, त्याने शॉर्टफॉलची (हमीला कमी पडलेल्या रकमेची) ओळ असलेलं बिल मानायला नकार दिलाय.

नकला आजपासून बंद करा. दरपत्रकाचा प्लॅन एकच ठेवा आणि मिनिममचा आकडा ग्राहकाच्या सबस्क्रिप्शनवर लिहा. एका मेसेजला किती पैसे, हे प्लॅनने सांगावं. हा ग्राहक कमीत कमी किती देणार, हे त्याच्या कराराने ठरतं आणि बिलिंगमध्ये कराराची जागा सबस्क्रिप्शनची आहे. या दोन गोष्टी एकाच ठिकाणी कोंबल्या की दर बदलताना करार बिघडतात आणि करार बदलताना दर.

लागोमध्ये यासाठी प्लॅन ओव्हरराइडची सोय आहे. सबस्क्रिप्शन तयार करताना मूळ प्लॅनचा कोड द्यायचा आणि सोबत फक्त बदललेल्या गोष्टी द्यायच्या: मिनिमम कमिटमेंटची रक्कम, बिलावर त्या ओळीचं नाव, हवा असेल तर एखाद्या चार्जचा वेगळा दर. पडद्यामागे लागो त्या ग्राहकासाठी मूळ प्लॅनशी जोडलेला एक उपप्लॅन तयार करतं. तुमच्या नकलांना नेमकी हीच नाळ नव्हती. मूळ प्लॅन बदलताना तो बदल उपप्लॅनपर्यंत उतरवायचा की नाही हे तुम्हाला ठरवता येतं, पण ते दर वेळी स्पष्टपणे सांगावं लागतं. आपोआप उतरेल असं धरून चालू नका. मिनिमम कमिटमेंट आणि ओव्हरराइड दोन्ही लागोच्या सशुल्क आवृत्तीत येतात, त्यामुळे स्वतःच्या सर्व्हरवर मोफत आवृत्ती चालवत असाल तर आधी ते तपासा. ऑर्ब या दुसऱ्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये हेच काम सबस्क्रिप्शनवरच्या अ‍ॅडजस्टमेंटने होतं. मेट्रोनोम या तिसऱ्यामध्ये तर कमिट (हमी) ही कराराखालची स्वतंत्र नोंदच आहे, प्रीपेड आणि पोस्टपेड अशा दोन प्रकारांत. नावं वेगळी असली तरी मांडणीचा विचार तोच.

बटणं दाबण्याचा भाग इथे संपतो. वाद होतात ते आकड्याच्या अर्थावरून. "किमान ५०,००० रुपये दरमहा" हे चार शब्द करारात लिहून सगळे मोकळे होतात आणि त्यातून राहिलेले निर्णय सॉफ्टवेअर स्वतःच्या डीफॉल्टप्रमाणे घेतं. तुमच्या ग्राहकाची तक्रार तिथूनच आली आहे.

मिनिममच्या हिशेबात काय धरायचं?

तुमच्या धंद्यात हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तुमच्या बिलातली बरीचशी रक्कम तुमची नसते. एसएमएसमध्ये टेलिकॉम कंपनीचा दर आणि डीएलटीचा (व्यावसायिक एसएमएससाठीच्या नोंदणी व्यवस्थेचा) आकार असतो, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये त्याच्या मालक कंपनीचा, म्हणजे मेटाचा, दर. तुमची खरी कमाई म्हणजे त्यावरचा मार्जिन आणि प्लॅटफॉर्म फी.

ग्राहकाने महिन्याला ५०,००० ची हमी दिली आणि हिशेबात सगळं धरलं, तर मेटाच्या खिशात जाणाऱ्या पैशांनीच ती हमी भरून निघू शकते. तुमच्या हातात काही राहो न राहो, मिनिमम मात्र पूर्ण. याची दुसरी बाजू ग्राहकाच्या अंगावर येते. मेटाने १ जुलै २०२५ पासून संभाषणामागे पैसे घेण्याची जुनी पद्धत बंद केली आणि टेम्प्लेट मेसेजमागे (आधी मंजूर करून घेतलेल्या साच्यातल्या मेसेजमागे) आकारणी सुरू केली. मेसेज मिळणाऱ्या माणसाने आपण होऊन बोलणं सुरू केल्यावर जी २४ तासांची खिडकी उघडते, तिच्यात पाठवलेले युटिलिटी (व्यवहाराची माहिती देणारे) टेम्प्लेट तेव्हापासून मोफत झाले. म्हणजे एखाद्या ग्राहकाने पूर्वीइतकेच मेसेज पाठवले तरी त्याचा खर्च कमी होऊ शकतो. अशा वेळी शॉर्टफॉल दाखवून तुम्ही त्याच्याकडे फरक मागितलात, तर "मी वापर कुठे कमी केला?" हा त्याचा सवाल रास्त आहे.

म्हणून माझा आग्रह असा की तिसऱ्याच्या दरातून आलेली रक्कम मिनिममच्या बाहेर ठेवा आणि हमी फक्त तुमच्या स्वतःच्या आकारावर घ्या. आकडा लहान दिसेल, सेल्सला तो आवडणार नाही, पण तो खरा असेल.

लागोमध्ये हे करताना एक फरक नीट समजून घ्यायला हवा. प्लॅनच्या पातळीवर ठेवलेली मिनिमम कमिटमेंट सबस्क्रिप्शन फी आणि प्लॅनमधले सगळे वापराचे चार्जेस एकत्र धरते. त्यातून एखादा चार्ज वगळायचा असेल तर दोन वाटा आहेत. पहिली वाट चार्जच्या पातळीवरच्या खर्चाच्या किमान रकमेची: ती फक्त त्या एका चार्जपुरती लागू होते आणि ती महिनाअखेर बिल होणाऱ्या चार्जवर वापरायची गोष्ट आहे. दुसरी वाट म्हणजे तिसऱ्याचे दर एका वेगळ्या सबस्क्रिप्शनमध्ये काढून ठेवणं आणि प्लॅनची हमी तुमच्या आकाराच्या सबस्क्रिप्शनवर लावणं. मला दुसरी वाट जास्त स्वच्छ वाटते, कारण ग्राहकालाही बिलावर दोन्ही रकमा वेगळ्या दिसतात. दोन्ही पातळ्यांवर एकाच वेळी मिनिमम मात्र ठेवू नका. एक शॉर्टफॉल दुसऱ्यात मोजला गेला की नाही, हे समजावून सांगताना तुमच्या अकाउंट्सची माणसं मेटाकुटीला येतील.

इतर कंपन्याही या प्रश्नाचं उत्तर करारात आकड्यानिशी देतात. एडब्ल्यूएस या अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेच्या मोठ्या ग्राहकांसाठीच्या सवलत करारांत मार्केटप्लेसवरून घेतलेल्या तिसऱ्यांच्या सॉफ्टवेअरचा खर्च हमीत धरला जातो, पण एकूण हमीच्या २५ टक्क्यांपर्यंतच. तुम्हाला तिसऱ्याचे दर पूर्ण वगळणं जमणार नसेल, तर अशी वरची मर्यादा हा मधला मार्ग आहे. फक्त तो आयता कुठल्याच बटणात सापडणार नाही, हिशेब बाहेर करावा लागेल.

महिना की वर्ष?

वाद घालणाऱ्या ग्राहकाचं उदाहरण घेऊ. समजा त्याचा तुमच्या आकारापुरता खर्च नऊ महिने ४०,००० असतो आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर या तीन महिन्यांत ९०,०००. वर्षाचे झाले ३,६०,००० अधिक २,७०,०००, म्हणजे ६,३०,०००. हमी वर्षाला सहा लाखांची असती तर त्याने ती ओलांडली आणि शॉर्टफॉल शून्य. तीच हमी "दरमहा ५०,०००" म्हणून सिस्टिममध्ये गेली, तर नऊ महिने प्रत्येकी १०,००० चा शॉर्टफॉल लागेल आणि वर्षअखेर त्याने ७,२०,००० भरलेले असतील. सेल्सच्या मनात दोन्ही आकडे एकच होते, कारण पन्नास गुणिले बारा सहाशेच होतात. ग्राहकाला मात्र ९०,००० चा फटका बसला.

अशा ग्राहकाला वार्षिक मिनिमम द्या, बिल दरमहाच करा. लागोमध्ये मिनिमम प्लॅनच्या अवधीला बांधलेलं असतं, त्यामुळे मासिक प्लॅनवर वार्षिक हमी बसणार नाही. प्लॅन वार्षिक करायचा आणि वापराचे चार्जेस दरमहा बिल करण्याचा पर्याय चालू करायचा. याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. वार्षिक प्लॅनची सबस्क्रिप्शन फी वर्षातून एकदाच लागते, त्यामुळे महिन्याची प्लॅटफॉर्म फी सबस्क्रिप्शन फी म्हणून न ठेवता आवर्ती चार्ज म्हणून मांडावी लागेल. आणि बिलिंग कॅलेंडरप्रमाणे ठेवलं तर वर्ष जानेवारीला सुरू होईल. करार एप्रिल ते मार्च असेल तर बिलिंग वर्धापनदिनाप्रमाणे निवडा आणि सबस्क्रिप्शनची सुरुवात १ एप्रिल ठेवा.

एक मधली सोयही असते: तिमाही हमी. पण सणांचा धंदा असलेल्याला ती फारशी उपयोगाची नाही, कारण दसरा-दिवाळी कुठल्या तिमाहीत पडतात त्यावर सगळं अवलंबून राहतं. अधिक मास आला की गणित हलतं.

न वापरलेल्या पैशांचं पुढे काय?

ही अट किती बारकाईने लिहिता येते याचा सर्वांना वाचता येईल असा नमुना म्हणजे स्नॅपचॅटवाल्या स्नॅप कंपनीने २०१७ साली शेअर बाजारात येताना अमेरिकेत दाखल केलेलं निवेदन. त्यात दोन क्लाउड करारांची माहिती आहे. गूगल क्लाउडशी पाच वर्षांचा करार, दर वर्षी किमान ४० कोटी डॉलर. पहिल्या चार वर्षांत दर वर्षीच्या रकमेच्या १५ टक्क्यांपर्यंतचा भाग पुढच्या वर्षात सरकवण्याची मुभा, आणि तरीही कमी पडलं तर फरक भरायचा.

एडब्ल्यूएसशी झालेला करार पाच वर्षांत मिळून १०० कोटी डॉलरचा, पण समान हप्त्यांचा नव्हे: २०१७ ला ५ कोटी, मग १२.५, २०, २७.५ आणि २०२१ ला ३५ कोटी. कमी पडलेली रक्कम भरायची. भरलेली रक्कम कराराच्या मुदतीत पुढच्या वापरासाठी उपयोगी पडणार, पण पुढच्या वर्षांची हमी पूर्ण करण्यात ती मोजली जाणार नाही.

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. शॉर्टफॉल म्हणून घेतलेल्या पैशांचं काय करायचं याची तीन वेगवेगळी उत्तरं असतात. पैसे गेले ते गेले, हे पहिलं. पुढे वापरता येतील पण पुढच्या हमीत धरणार नाही, हे दुसरं. पुढे वापरता येतील आणि हमीतही धरू, हे तिसरं. तिसऱ्या प्रकारात ग्राहकाची हमी प्रत्यक्षात सैल होते, कारण एकच रुपया दोन वर्षांच्या हमीत मोजला जातो. तुमच्या करारांमध्ये यातलं कुठलं आहे हे वाचून काढा. बहुतेक ठिकाणी काहीच लिहिलेलं नसेल आणि सॉफ्टवेअर पहिलं उत्तर गृहीत धरत असेल.

दुसरा प्रकार लागोमध्ये बसवायचा तर शॉर्टफॉलच्या बिलाचे पैसे आल्यावर तेवढ्या रकमेचे क्रेडिट ग्राहकाच्या वॉलेटमध्ये, मुदतीची तारीख घालून, फुकट दिलेले म्हणून टाकता येतात. ते पुढच्या बिलातून वळते होतात. मात्र वॉलेटमधून भागवलेला वापर हमीत धरला जातो की नाही, हे चाचणीच्या सबस्क्रिप्शनवर एक पूर्ण चक्र चालवून डोळ्यांनी पाहा, आणि त्या क्रेडिटचा जीएसटीशी मेळ आधी सीएकडून बघून घ्या. एकदा कर भरलेल्या रकमेवर पुन्हा कर लागता कामा नये.

वाढत्या हमीसाठी, म्हणजे पहिल्या सहामाहीत ३०,००० आणि पुढे ५०,००० अशा करारांसाठी, आकडा सबस्क्रिप्शनवर एकटा ठेवून भागत नाही. "पासून", "पर्यंत" आणि "रक्कम" अशा तारखेसकटच्या ओळी कुठेतरी हव्यात. तुमच्या साधनात तशी सोय नसेल तर करारांचा एक छोटा तक्ता स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवा आणि ठरलेल्या तारखेला एपीआयने ओव्हरराइड बदलणारं काम लावा. कुणाच्या तरी गूगल कॅलेंडरमधल्या रिमाइंडरवर हे सोडू नका, माणूस नोकरी सोडून गेला की रिमाइंडर त्याच्याबरोबर जातो. आणि बदललेला आकडा चालू महिन्याला लागतो की पुढच्या, हेही आधी तपासा.

सवलत आधी की नंतर?

वापर ४८,००० चा, मिनिमम ५०,०००, आणि ग्राहकाला १० टक्के सूट. सूट धरण्याआधी शॉर्टफॉल काढला तर तो २,००० येतो. बिल ५०,००० वजा सुटीचे ४,८००, म्हणजे ४५,२००. सूट धरून मग काढला तर वापर राहतो ४३,२००, शॉर्टफॉल ६,८०० आणि बिल पूर्ण ५०,०००. फरक ४,८०० चा, म्हणजे नेमका सुटीएवढा. दुसऱ्या पद्धतीत ग्राहकाला दिलेली सूट मिनिममने परत काढून घेतली. दोन्ही पद्धती करारात चालतात, पण ग्राहकाला सूट म्हणून सांगितलेली गोष्ट सूट म्हणून मिळावी असं मला वाटतं, म्हणून मी पहिली सुचवतो. तेही नको असेल तर कूपन देऊच नका, चार्जचा दरच कमी करून ओव्हरराइडमध्ये लिहा. मग वादाला जागाच उरत नाही.

जीएसटीचा इथे संबंध नाही. मिनिमम नेहमी कराआधीच्या रकमेवर मोजायचं आणि करारात तसं लिहायचं. प्लॅटफॉर्म फी १०,०००, वापर २७,५००, शॉर्टफॉल १२,५००, एकूण ५०,०००, त्यावर १८ टक्क्यांनी ९,००० आणि बिल ५९,०००.

अर्धवट महिने आणि रात्रीचे साडेपाच तास

ग्राहक १२ जूनला सुरू झाला. १२ ते ३० म्हणजे १९ दिवस. ५०,००० गुणिले १९ भागिले ३० केले की ३१,६६६ रुपये ६७ पैसे. सॉफ्टवेअर सहसा असंच प्रमाणात काढतं आणि सुरुवातीच्या महिन्यासाठी ते योग्यच आहे. शेवटच्या महिन्याचं मात्र तसं नाही. ग्राहक मुदतीआधी सोडून जात असेल तर करारात उरलेल्या महिन्यांची हमी देय असू शकते, आणि सबस्क्रिप्शन बंद करताना सिस्टिम फक्त त्या दिवसापर्यंतचा हिस्सा काढून मोकळी होईल. उरलेल्या रकमेचं बिल वेगळं, एकवेळचं काढावं लागतं.

वेळेचं गणित त्याहून चोरटं आहे. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. ३१ तारखेच्या मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत भारतात जो वापर होतो, तो यूटीसीच्या हिशेबाने आदल्या महिन्यात पडतो. एरवी दोन महिन्यांची बेरीज सारखीच राहते म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. मिनिमम आलं की महिन्याच्या सीमेवरची प्रत्येक रक्कम शॉर्टफॉल वाढवते किंवा घटवते. ग्राहकाचा टाइमझोन भारतीय ठेवा. टेलिकॉम कंपन्यांकडून डिलिव्हरी रिपोर्ट उशिरा येतात, त्यांच्यासाठी बिल अंतिम होण्याआधी दोन-तीन दिवसांचा ग्रेस पीरियड ठेवा. आणि प्रत्येक इव्हेंटचा (वापराच्या नोंदीचा) व्यवहार क्रमांक एकमेव असू द्या, नाहीतर रिट्राय झालेला, म्हणजे पुन्हा पाठवला गेलेला, इव्हेंट दोनदा मोजला जाऊन हमी खोटीच पूर्ण होईल.

एकच हमी, अनेक सबस्क्रिप्शन

मोठा ग्राहक म्हणतो, "एसएमएस, व्हॉइस, व्हॉट्सअ‍ॅप मिळून आमचे दोन लाख धरा." सबस्क्रिप्शनवरचं मिनिमम फक्त त्याच सबस्क्रिप्शनकडे बघतं. शक्य असेल तर तुमच्या आकाराचे सगळे चार्जेस एका प्लॅनमध्ये आणा, हा सगळ्यात सोपा उपाय. नाहीतर महिनाअखेर सगळ्या बिलांची बेरीज बाहेर करून फरकाचं एकवेळचं बिल अ‍ॅड-ऑन वापरून काढा.

ग्राहक समूह असेल तर अडचण वेगळीच होते. मुंबईतल्या कंपनीचा एक जीएसटीआयएन (जीएसटी नोंदणी क्रमांक), बंगळुरूच्या शाखेचा दुसरा. कायद्याच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या व्यक्ती आहेत. तुम्ही पुण्यात असाल तर मुंबईच्या बिलावर सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी ९ टक्के लागेल, बंगळुरूच्या बिलावर आयजीएसटी १८ टक्के. दोन्हींची मिळून हमी कमी पडली तर शॉर्टफॉलचं बिल कुणाच्या नावे? त्यांना इनपुट क्रेडिट कुठे हवंय यावर ते ठरतं, आणि ते त्यांनीच सांगायचं. करारात एक जीएसटीआयएन नेमून ठेवा.

शॉर्टफॉलवर जीएसटी

तुमच्या ग्राहकाच्या अकाउंट्सने बहुधा हाही मुद्दा काढला असेल: सेवा घेतलीच नाही, मग जीएसटी कसला?

एमआयडीसीत कारखाना चालवणाऱ्या कुणालाही ही रचना परकी वाटणार नाही. महावितरणच्या उच्चदाब बिलात मागणी आकार असतो. यंत्रं बंद राहिली तरी बिलिंग मागणी करार मागणीच्या ठराविक टक्क्यांखाली जात नाही. तो आकार दंड म्हणून लागत नाही, तुमच्यासाठी राखून ठेवलेल्या क्षमतेचं ते मोल असतं. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या ३ ऑगस्ट २०२२ च्या १७८/१०/२०२२ क्रमांकाच्या परिपत्रकात विजेच्या संदर्भात जवळपास हेच म्हटलंय. वीजनिर्मिती कंपन्या वितरण कंपन्यांकडून जो किमान स्थिर आकार घेतात, तो वीज न घेणं सहन केल्याबद्दलचा मोबदला नसून विजेच्याच किमतीचा भाग आहे. विजेला जीएसटीतून सूट आहे म्हणून तिथे कर नाही. तुमची सेवा कराच्या कक्षेत आहे, म्हणून तोच तर्क लावला तर शॉर्टफॉलवर मूळ सेवेचाच एसएसी (सेवेचा वर्गीकरण क्रमांक) आणि तोच १८ टक्के दर. माझं वाचन असं आहे. तुमच्या सीएचं लेखी मत फाइलमध्ये ठेवा.

म्हणूनच करारात आणि बिलावर "दंड" किंवा "पेनल्टी" हे शब्द येऊ देऊ नका. त्याच परिपत्रकात करारभंगापोटीची नुकसानभरपाई करपात्र मोबदला धरलेली नाही, त्यामुळे तुम्ही स्वतःच पेनल्टी म्हटलंत तर ग्राहक कर द्यायला नकार देईल. शिवाय भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ खाली दंडाची ठरलेली पूर्ण रक्कम आपोआप मिळत नाही, त्या रकमेच्या मर्यादेत वाजवी भरपाईच मिळते. बिलावरच्या ओळीला "जून २०२५ किमान सेवा आकार, उर्वरित फरक" असं साधं नाव द्या.

प्रीपेड हमी ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. ग्राहक सहा लाख आधी भरतो आणि वापरातून ते वळते होतात. सेवेच्या आगाऊ रकमेवर जीएसटी पैसे आल्याबरोबर लागतो आणि पावती व्हाउचर द्यावं लागतं. वसुलीची चिंता नाही, पण न वापरलेली रक्कम कधी कमाई म्हणून धरायची हा इंड एएस ११५ या लेखामानकाचा प्रश्न उभा राहतो. त्यातले न बजावलेल्या हक्कांबद्दलचे परिच्छेद तुमच्या ऑडिटरला माहीत असतील.

चालू वादाचं काय करायचं

ई-इन्व्हॉइस काढून २४ तास उलटले असतील तर ते पोर्टलवर रद्द होणार नाही, आणि बदलता तर कधीच येत नाही. आता क्रेडिट नोट हाच मार्ग. ती त्या आर्थिक वर्षानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच्या विवरणपत्रात आली तर कराची रक्कम वळती करून घेता येते, वार्षिक विवरणपत्र आधी भरलं तर मुदत तिथेच संपते. करार वार्षिक बोलीवर झाला होता असं ईमेलमधून दिसत असेल, तर आजवरचे सगळे मासिक शॉर्टफॉल क्रेडिट नोटने परत करा आणि वर्षअखेर एकदाच हिशेब करा. तो ग्राहक सणांच्या तीन महिन्यांत तुमच्याकडे दरमहा ९०,००० चा धंदा आणतो. त्याला घालवण्यासारखं त्या ओळीत काही नाही.

पुढे कुणालाही शॉर्टफॉल पहिल्यांदा बिलावर दिसता कामा नये. महिन्याच्या मध्यावर आणि शेवटच्या आठवड्यात, "आतापर्यंतचा पात्र खर्च इतका, हमी इतकी, उरलेले दिवस इतके" असा मेल जाऊ द्या. वार्षिक हमी असेल तर दर तिमाहीला. ज्याला महिना संपण्याआधी कळतं, तो वापर वाढवतो किंवा फोन करून आकडा कमी करायला सांगतो. दोन्ही गोष्टी तुमच्या फायद्याच्या आहेत.

जुन्या नकलांवरून नव्या मांडणीवर

हे एका रात्रीत करू नका. आधी सगळे करार वाचून एक तक्ता करा: रक्कम, अवधी, काय धरायचं, सूट आधी की नंतर, अर्धवट महिना, शॉर्टफॉलचं पुढे काय, बिलाचा जीएसटीआयएन. ज्या रकान्यात करार गप्प आहे तिथे सेल्सला बोलावून ग्राहकाकडून ईमेलवर उत्तर घ्या. सगळ्यात जास्त वेळ इथेच जाईल आणि जाऊ द्यावा.

मग चाचणीच्या खात्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचा खरा वापर पुन्हा टाकून, नव्या ओव्हरराइडने बिलं काढून, प्रत्यक्ष गेलेल्या बिलांशी पैशापर्यंत ताडून पाहा. निवडक ग्राहक घ्या: हमी ओलांडणारा, कमी पडणारा, महिन्याच्या मध्यात सुरू झालेला, सूट असलेला, आणि हमीच्या आकड्याला बरोबर भिडणारा. हा शेवटचा सगळे विसरतात. शॉर्टफॉल शून्य असताना बिलावर शून्य रुपयांची ओळ छापली जाते का, हे त्याच्यावरच कळतं.

प्रत्यक्ष बदल महिन्याच्या १ तारखेला करा, म्हणजे जुनं सबस्क्रिप्शन पूर्ण महिन्यावर बंद होईल आणि नवं पूर्ण महिन्यावर सुरू. मध्येच बदललात तर दोन अर्धवट अवधी, दोन प्रमाणात काढलेली मिनिमम आणि दोन शॉर्टफॉल तयार होतील. एका अर्ध्यात ग्राहकाने जास्त वापरलं तरी दुसऱ्या अर्ध्याचा फरक त्याला भरावा लागेल. वार्षिक हमीवाल्यांना त्यांचं कराराचं वर्ष संपेपर्यंत जुन्या जागीच राहू द्या. तोवर त्यांच्या नकलांमध्ये दर हाताने बदलावे लागतील, ते काम एका माणसाच्या नावावर टाका आणि दुसऱ्याकडून तपासून घ्या.